मामाची गोळी मेंढीनं खाल्ली

बुधवार, धारूर. दिवस मावळताना.

लई थकलोय. काल दवाखान्यातून मामाच्या रक्ताच्या कॅन्सरवरच्या नव्या गोळ्या आणल्या. डॉक्टरबाईंनी मला नीट समजावलं होतं. बिघडलेली पेशी आपोआप मरायला पाहिजे, पण कॅन्सरच्या पेशीत एक प्रोटीन तिला मरू देत नाही. गोळी त्या प्रोटीनलाच धरते, मग पेशी मरते. मामाला हे सांगता सांगता मी मध्येच फोनवर बोलत बसलो. त्याच्या डोक्यात एवढंच राहिलं की गोळी मारते.

म्हणून सकाळी त्यानं पहिली गोळी काण्या मेंढीला चारली. नवं औषध आधी एका मेंढीला, मग कळपाला, ही त्याची जन्माची रीत.

"मामा, तिला कुठं कॅन्सर हाय?"

"म्हणूनच तर. धडधाकट हाय. मेली तर गोळीनंच मेली म्हणायचं."

दिवसभर दोघं त्या काण्या मेंढीकडं बघत बसलो. हा माणूस रोज वाळत चाललाय, अन् बघायचं कुणाकडं, तर मेंढीकडं! परत सगळं सांगितलं, या वेळी शेवटपर्यंत. ऐकत होता का? काय माहीत. काणी मेंढी आपली बाभळीच्या शेंगा खात होती.

आत्ता भाकरी खाऊन म्हणाला, "आण रं पाणी." गिळली एकदाची.

मी पिशवी उचलली. आजच माझ्या गावी, नारायणगडाकडं निघायचं होतं.

"कुठं निघालास? तिच्याकडं मी बघितलं. आता माझ्याकडं कोण बघायचं?"

पिशवी परत खुंटीला. तसंही पहिल्या गोळीनंतर उद्या रक्त तपासायला त्याला नेणार कोण?