दर ट्रेला तेरा पावले

गंगापूर रोड, नाशिक
बुधवार

प्रिय सृष्टी,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहीत आहे. आधीच्या दोन मसुद्यांत भाषेचा दोष नव्हता. तरीही ते फाडले, कारण दोन्हींच्या दुसऱ्याच परिच्छेदात मी तुला काहीतरी शिकवू लागले होते. फोन करत नाही त्याचे कारणही तेच. तुझे वाक्य पुरे होण्याआधी मी त्यातली चूक दाखवते, मग तू ‘बरं’ म्हणतेस आणि फोन ठेवतेस. गेल्या आठ महिन्यांत असे चार ‘बरं’ माझ्या वाट्याला आले. तू राहतेस ते सिन्नर इथून तासाभराच्या अंतरावर आहे, दर अर्ध्या तासाने बस आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही मी बसस्टँडवर न जाता पत्र लिहीत बसले आहे, यातून काय समजायचे ते तू समज.

घरचे बरे आहे. तुझ्या टेबलावर सोल्डरचा जो काळा डाग होता तो मी दिवाळीत घासून काढला. डाग गेला, पण त्या जागेचे पॉलिशही गेले आणि आता तिथे पूर्वीपेक्षा मोठा पांढरा चट्टा दिसतो. त्यावर मी तुझी जुनी डिप्लोमाची फाइल ठेवली आहे.

गेल्या आठवड्यात गिरणाऱ्याहून सावळीरामांचा फोन आला. तू त्यांच्या रोपवाटिकेसाठी बी टाकण्याचे यंत्र केलेस त्याला आता सव्वा वर्ष झाले. तुझे पहिले स्वतंत्र काम. ते म्हणाले, “मॅडम, मशीन सकाळी लय गुणाचं वागतं. दुपारून बिथरतं. बी ट्रेतल्या कपाच्या मधोमध पडायचं सोडून भिंतीवर पडतंय. टोमॅटोची निम्मी रोपं उगवतच नाय.” आधीच्या हंगामापासून असेच चालले होते; पण मॅडमना पुन्हा बोलवायला त्यांना संकोच वाटत होता. का वाटत होता ते तुला आणि मला वेगळे सांगायला नको.

मी दुसऱ्या दिवशी सगळी उपकरणे घेऊन गेले. एकतीस वर्षे मी विद्यार्थ्यांना दोष कसा शोधायचा हे शिकवले. माझा पहिला नियम तुला पाठ आहे: आधी निरीक्षण, मग अनुमान, आणि हात सर्वांत शेवटी. तो नियम मीच पहिल्या तासात मोडला. ‘सकाळी बरोबर, दुपारी चूक’ एवढे ऐकूनच मी ठरवून टाकले की हा उष्णतेचा दोष आहे. पत्र्याची शेड, वर ऊन, मोटर चालवणारा ड्राइव्ह तापत असणार, बी उचलणाऱ्या सुया सरकवणारा पट्टा ताणला जात असणार. मी दोन पंखे लावायला सांगितले. दुपारी दोन वाजता बी पुन्हा भिंतीवर.

दुसऱ्या दिवशी मी वायरिंग तपासले. तुझा प्रोग्राम चालवणाऱ्या कंट्रोलरपासून ड्राइव्हपर्यंत जाणाऱ्या दोन तारांच्या जोड्या, एक मोटरने किती पावले टाकायची ते सांगणारी, दुसरी कोणत्या दिशेने ते सांगणारी. प्रत्येक टोक ओढून पाहिले. तारांभोवतीची जाळी, म्हणजे शिल्ड, एकाच बाजूला जमिनीशी जोडलेली आहे ना, ते पाहिले. हवेच्या पंपाची तार सिग्नलच्या तारेपासून हातभर दूर बांधली. व्होल्टेज मोजले, मोटरचा करंट मोजला. सगळे निर्दोष. संध्याकाळी मी कोकोपीटच्या पोत्यावर बसून होते. सृष्टी, मला अशी बसलेली तू कधी पाहिली नाहीस. माझ्याकडे पुढचा प्रश्नच उरला नव्हता.

गोजराबाईंनी चहा आणला. सावळीरामांच्या घरात बोलणाऱ्या त्याच, हे तुला माहीत आहे. म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही उगा जिवाला लावून घेऊ नका. मी काय करते, दर चहाला त्याचं बटण बंद करते नि पुन्हा चालू करते. मग तासभर सरळ वागतं. आमच्या ह्यांनाबी असंच दोनदा उठवावं लागतं सकाळी.” सावळीराम ट्रे रचता रचता म्हणाले, “बटण हिच्याच हातात हाय, मॅडम. माझंबी नि मशीनचंबी.” मी हसले नाही. हसायला हवे होते. पण मला त्या क्षणी लाज वाटली, कारण त्या बाईने न शिकता जे पाहिले होते ते मी पाहिले नव्हते. बटण बंद-चालू केल्यावर तापमान बदलत नाही. फक्त यंत्र आपल्या मूळ जागेच्या खुणेवर जाऊन तिथून नव्याने मोजू लागते. म्हणजे दोष दुपारचा नव्हताच. तो प्रत्येक ट्रेबरोबर थोडा थोडा साठत होता.

(प्रत्येक ट्रेनंतर यंत्राने मूळ जागा तपासायला हवी, हे तू प्रोग्राममध्ये घ्यायला हवे होतेस. हे वाक्य मी दोनदा खोडले आणि पुन्हा लिहिले. माझा स्वभाव असा आहे.)

तिसऱ्या दिवशी मी बारीक मापाची व्हर्नियर पट्टी घेऊन बसले. दहा ट्रे झाले की सुया सव्वातीन मिलिमीटर सरकलेल्या. पुन्हा दहा, पुन्हा सव्वातीन. तुझ्या पट्ट्यावर एक पाऊल म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग. हिशेब केला तर दहा ट्रेना एकशे तीस पावले, म्हणजे दर ट्रेला बरोबर तेरा. उष्णतेचा किंवा तारांतल्या विजेच्या गोंगाटाचा दोष इतका काटेकोर नसतो. मी समोरच्या ट्रेकडे पाहिले. त्यात बियांच्या ओळीही तेराच. सुया बी उचलायला मागे येतात, ओळीवर पुढे जातात, पुन्हा मागे वळतात. दर वळणाला एक पाऊल हरवत होते.

सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला आणि पाच मिनिटांत ते पडद्यावर दिसले. ड्राइव्ह पल्सच्या, म्हणजे विजेच्या एका ठोक्याच्या, सुरुवातीला पाऊल टाकण्याऐवजी पल्स संपताना टाकत होता. पुढे जाताना त्याने बिघडत नाही. पण ओळ संपली की तुझा कंट्रोलर लगेच दिशा बदलतो, आणि शेवटचे पाऊल अजून पडायचे बाकी असते. दिशा बदलण्याच्या गडबडीत ते गळते. एका बाजूला वळताना दिशेचा सिग्नल जरा रेंगाळतो म्हणून निभावते. दुसऱ्या बाजूला निभावत नाही. आणि पल्स उलटी वाचली जाण्याचे कारण एकच असू शकते: तारा ज्या बाजूला एकत्र बांधायला हव्यात त्याच्या उलट बाजूला बांधलेल्या होत्या. सिग्नल देताना तुझ्या कंट्रोलरचे व्होल्टेज वर जाते. त्याच्यासाठी ड्राइव्हची ऋण टोके एकत्र बांधायची. तिथे धन टोके एकत्र बांधलेली होती. सुबक, एका मापाच्या, एकेका रंगाच्या, टोकांना धातूच्या टोप्या, फेरुल, दाबलेल्या, नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या तारा.

त्या चिठ्ठ्यांवरचे अक्षर माझे आहे.

आठ महिन्यांपूर्वी आपण दोघी गिरणाऱ्याला गेलो होतो. तू सुयांचा दाब जुळवत होतीस. मी पॅनेलचे दार उघडले आणि आतला तो गुंता मला बघवेना. हिरव्या तारेला पुढे निळी जोडलेली, कुठे चिठ्ठी नाही. तू जेवायला गेलीस तेवढ्यात मी तुला न विचारता सगळे काढले आणि माझ्या पद्धतीने, मी आयुष्यभर शिकवली त्या पद्धतीने, पुन्हा बांधले. यंत्र सुरू केले तर मोटर उलटी फिरली. ते मला तिथेच कळायला हवे होते. जे कालपर्यंत सुलटे चालत होते ते माझ्या हातून उलटे झाले, याचा अर्थ पहिल्या वर्षाच्या मुलालाही लागला असता. मी काय केले? मोटरच्या दोन तारांची अदलाबदल करून तिला सुलटी फिरवली, आणि असे धरून चालले की मोटर तूच मुळात उलटी जोडली होतीस. माझ्या चुकीचा पुरावा मी तुझ्या चुकीचा म्हणून नोंदवला. त्याच दिवशी संध्याकाळी बी सरकू लागले तेव्हा मी सावळीराम आणि गोजराबाईंसमोर तुला म्हणाले, “वायरिंग मी सुधारलं, आता प्रोग्राम कोण सुधारणार? डिप्लोमाचं काम शेवटी डिप्लोमासारखंच होणार.” तू बॅग उचललीस आणि रस्त्यावर जाऊन नाशिकच्या जीपमध्ये बसलीस. आठवड्याने सिन्नरच्या कंपनीत नोकरीला गेलीस.

आता गेल्या शनिवारचे सांगते. मूळ जोडणी कशी होती ते मला पाहायचे होते. गोजराबाईंच्या फोनमध्ये यंत्राच्या पहिल्या दिवसाचा फोटो निघाला: पॅनेलचे दार उघडे, त्यावर कुंकवाची बोटे, खाली फोडलेला नारळ आणि मागे तुझा तो गुंता. फोटो मोठा करून मी एकेक तार तपासली. एकही चुकीची नव्हती. मी मान वर केली तेव्हा गोजराबाई म्हणाल्या, “पोरगी दर रविवारी फोन करती, मॅडम. ‘काकू, बी कुठं पडतंय, किती सरकलं?’ सात वेळा नवा प्रोग्राम कार्डात घालून पाठवला तिनं जीपवाल्याबरोबर. मी एकदा म्हणाले, बाई, आतल्या तारा बघून दे की. तर म्हणती, ‘तारांना हात लावू नका काकू, ते आईनं केलंय, तिथं चूक नसणार.’ आता तिथल्या कंपनीतबी मशीनच्या कामाला नको म्हणाली ना. स्टोअरला बसती, माल मोजत.”

मी फोटोतल्या तुझ्या जोडणीप्रमाणे तारा पुन्हा बांधल्या. मोटरच्या तारा परत बदलल्या, तुझा पहिलाच प्रोग्राम यंत्रात घातला. साठ ट्रे चालवले. साठाव्या ट्रेमध्ये बी कपाच्या मधोमध होते. सावळीरामांनी हात जोडून विचारले, “काय झालं होतं, मॅडम?” ज्या जागी उभी राहून मी तुला ते वाक्य ऐकवले, त्याच जागी मी उभी होते. मी म्हणाले, “एक तार सैल होती.” त्यांनी मान डोलावली. सोमवारी खरे सांगायला म्हणून मी निघाले, वाटेतल्या मखमलाबादपर्यंत गेले आणि परत आले. काल रोपवाटिकेच्या फाटकापर्यंत गेले. ते दोघे ट्रेना पाणी देत होते. मला गाडीतून उतरता आले नाही.

आज हे स्पीड पोस्टने टाकते, म्हणजे रविवारच्या आत तुला मिळेल. रविवारी तू फोन केलास की गोजराबाई सांगतील, बी आता मधोमध पडते, मॅडमना एक सैल तार सापडली. तू त्यावर विश्वास ठेवशील. तुझ्या सात प्रोग्रामांतला कुठला दोष शेवटी निघाला याचा विचार करत राहशील, आणि स्टोअरलाच बसशील. म्हणून लिहिते आहे. शोधणे थांबव. तुझ्या प्रोग्राममध्ये वळणाचा दोष कधीच नव्हता. त्या पॅनेलमध्ये मी जोडलेली एकही तार सैल नव्हती, सृष्टी; सगळ्या घट्ट होत्या, सरळ होत्या आणि चुकीच्या जागी होत्या. हे त्या दोघांना माझ्या तोंडून सांगणे मला जमत नाही. तू सांग.

तुझीच,
आई