कॉर्नेटवाल्याचे दात

मूनटा, ३ मार्च १९४३

चि. क्लॅरीस अ. उ. आ.

दीड महिना तुझं पत्र नाही. न्यू गिनीत बॉम्बर विमान उडवणाऱ्याने शाईसुद्धा जपून वापरायची असते का? तुझी पत्रं मी दर गुरुवारी तालमीत बॅन्डला वाचून दाखवतो. आता सगळे माझ्याकडे बघतात आणि मी ढोलवाल्यावर ओरडतो.

लढाईवर गेलेल्याची बॅन्डमधली खुर्ची रिकामी ठेवायची आपली रीत. पण ईस्टरला स्पर्धा आहे, म्हणून तुझी ऊना तिचं कॉर्नेट घेऊन तुझ्या जागी बसू का विचारत होती. मी नाही म्हणालो. तर म्हणते, खुर्च्या रिकाम्या ठेवून पोरं परत येत असती तर सगळं गाव उभंच राहिलं असतं. जीभ बघ! सून हवी तर अशी.

आईचा जीव टांगणीला लागलाय. दोन ओळी तरी टाक.

तुझा वाट पाहणारा,
बाबा

---

लष्करी रुग्णालय, टाउन्सव्हिल
१७ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

घाबरू नका, हातपाय जागेवर आहेत. एका इंजिनाने मान टाकली. दुसऱ्याच्या जिवावर किनारा गाठला आणि विमान वाळूत पोटावर उतरवलं. बरोबरचे चौघे सुखरूप. माझं तोंड मात्र समोर आपटलं. वरचे पुढचे सहा दात गेले, ओठ शिवलाय. कवळी मिळेल, पण तिच्यावर ओठ दाबून बाजा फुंकता येत नाही; कॉर्नेट संपलं.

खुर्ची ऊनाला द्या. आणि लग्नाच्या शब्दातून तिला मोकळं करा. तिने हो म्हटलं ते कॉर्नेटवाल्याला. तिला लिहायला माझा हात धजत नाही, तुम्हीच एकटीला गाठून सांगा. हे पत्र कुणाला वाचून दाखवू नका.

माया पातळ होऊ देऊ नका.
क्लॅरी

---

मूनटा, २७ मार्च

चि. क्लॅरीस अ. उ. आ.

गाढवा, अशी ओळ आधी लिहायची असते! पोस्टमनने पत्र नेमकं गुरुवारी तालमीतच आणून दिलं. आनंदाच्या भरात मी फोडलं आणि मोठ्याने वाचत सुटलो. ‘कुणाला वाचून दाखवू नका’पर्यंत पोचलो तेव्हा सगळं सांगून झालं होतं. खुर्ची पुन्हा मागायला कॉर्नेट घेऊन आलेली ऊना समोरच होती.

तिने डोळे पुसले, तुझ्या खुर्चीत बसली आणि तुझा भाग एकही चूक न करता वाजवला. मग म्हणाली, त्याला लिहा, मी शब्द माणसाला दिलाय, दातांना नाही. मोडायचाच असेल तर सासऱ्याच्या आडून नको, समोर येऊन मोड म्हणावं.

चार आयांची पोरं तुझ्यामुळे घरी जाणार आहेत. तू निघालास तेव्हा बाजेवाला काय विमान उडवणार, असं मी चारचौघांत बोललो होतो. चुकलो. माझे हात आताशा कापतात, तेव्हा बॅन्ड चालवायची काठी तुझ्यासाठी काढून ठेवलीय. ती धरायला दात लागत नाहीत.

तुझा मला फार अभिमान वाटतो. हे तुझ्या आईला शेजारी बसवून लिहितोय, म्हणजे उद्या नाकबूल करता यायचं नाही.

लवकर ये.
बाबा