दानम्मा मावशींचे आकडे

३ जुलै

नववा पेशंट. पुन्हा शून्य!

वरच्या दोन दाढा काढायच्या, एक उजवीकडची, एक डावीकडची. एकीला नेहमीच्या लिग्नोकेनची भूल, पंधरा दिवसांनी दुसरीला आर्टिकेनची. कुठल्या दिवशी कुठलं, मला माहीत नसतं — सिरिंज दुसरीकडून भरून येते, वर फक्त अ किंवा ब. सुई गालाच्या बाजूनेच द्यायची. दुखलं तर पेशंटने डावा हात वर करायचा, मग टाळूत दुसरी सुई. टाळूची सुई सगळ्यात वाईट. आर्टिकेनने ती टळते का, एवढाच माझ्या प्रबंधाचा प्रश्न.

दाढ निघाली की मी चेहऱ्यांची पट्टी पुढे धरते. हसरा म्हणजे शून्य, रडका म्हणजे दहा. सगळे हसऱ्यावर बोट ठेवतात. अ असो की ब. हात कुणीच वर करत नाही.

बसवराज सर, माझे गाइड, म्हणाले, "महामाया, लातुरात कुणाला दुखतच नाही का?"

४ जुलै

हिमायतनगरहून बाबांचा फोन. आई गेल्याला वर्ष होत आलं. मजेत आहे म्हणाले.

८ जुलै

कोंडाबाई, रेणापूरच्या. दुसरी दाढ. हात शेवटपर्यंत मांडीवर, शांत. दाढ चिमट्यात आली तेव्हा माझं लक्ष पायांकडे गेलं. बोटं मुठीसारखी आवळलेली.

पट्टी धरली. हसऱ्यावर बोट! "मुंगी चावल्यावानी झालं, बाई."

हात धुवायला आत गेले. पडद्यापलीकडे दानम्मा मावशी तिच्या गालाला बर्फ लावत होत्या. मावशी आमच्या विभागात मदतनीस, उदगीरच्या.

"खरं सांग गं माय. ती आत गेली."

"जीव गेला की ओ!" तोंडात कापूस धरूनच कोंडाबाई बोलली. "पर तिला सांगू नका. माझ्या लेकीएवढी हाय. अजून शिकायलीय. घाबरंल."

मी नळ चालूच ठेवला.

९ जुलै

सरांना सांगितलं.

"म्हणजे तुझं प्रत्येक शून्य खोटं."

"खोटं नाही, सर. मला सांभाळायला दिलेलं आहे."

दहाही पेशंट रद्द. नव्याने परवानगी, नव्याने तीस जण. जानेवारीअखेर आकडे हातात नसले तर वर्ष गेलं.

बाबांना कळवलं नाही. मीही मजेत आहे म्हणाले.

२ ऑगस्ट

परवानगी आली. आता आकडा मी विचारायचा नाही, मावशींनी विचारायचा. मी दाराबाहेर. दाढ काढताना मावशी पेशंटच्या पायांशी उभ्या. बोटं आवळली की "थांब" म्हणायचं, मग मी टाळूत सुई द्यायची.

मावशींना पट्टी समजावली. "ही चित्रं कशाला? मला कळतंय की."

"आकडा लागतो, मावशी."

"देते आकडा. तू बाहेर जा आधी."

१९ ऑगस्ट

धोंडप्पा मामा, देवणीचे. भरघोस मिशा. माझ्यासमोर — "काहीच न्हाई!" मी बाहेर गेले. दार नीट लागत नाही, सगळं ऐकू येतं.

"मामा, तुमचा देवणीचा बैलबी नाल मारताना पाय झाडतो. तुम्ही तर माणूस."

मग — "सात. सात लिव! लई दुखलं."

माझ्याच हातचं सात. वाईट वाटायला हवं होतं. चालत वसतिगृहावर आले. वाटेत दोन केळी घेतली, उभ्यानेच खाल्ली. छान वाटत होतं.

६ सप्टेंबर

आज दोन, सहा आणि आठ. खरे आकडे!

१४ ऑक्टोबर

कुणीतरी मावशींनाही शून्य सांगितलं. मावशींनी परत विचारलं. परत शून्य. "मग खरंच न्हाई दुखलं तिला," म्हणाल्या. जरा नाराज वाटल्या.

३० नोव्हेंबर

बाबांचा फोन. मजेत.

२१ जानेवारी

तीस पूर्ण. अ कुठलं, ब कुठलं हे लिहिलेलं बंद पाकीट सरांनी फोडलं. ब म्हणजे आर्टिकेन. त्या बाजूला टाळूची सुई चौघांनाच लागली. अ बाजूला एकवीस जणांना! जुने कागद शेजारी ठेवून पाहिले. तिथे अ आणि ब अगदी सारखे. सगळीकडे हसरा चेहरा.

सर म्हणाले, "लिहायला बस आता." त्यांच्याकडून एवढंच पुष्कळ.

मावशींना पेढे नेले. "मी काय केलं? नुसतं विचारलं."

दोन पेढे खाल्ले, दोन पदरात बांधले.

२२ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत बाबांचा फोन. कसे आहात? — "मजेत. काही त्रास न्हाई."

फोन दानम्मा मावशींच्या हातात दिला आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिले.