मूठ वर असेपर्यंत

३ नोव्हेंबर, सोमवार

कुत्र्यांची बाग म्हणे! माणसांच्या बागेतले झोपाळे तुटलेत, ते कुणी बघत नाही. आणि कुत्र्यांना कुंपण, हिरवळ, प्यायला नळ — तोही बुटका, त्यांच्या तोंडाच्या उंचीचा! आज गेले. जावं लागलं.

जनावरांच्या डॉक्टरांचा हुकूम. "आजी, बटणला आजार काही नाही. तो नुसता बसून राहिलाय. कुत्र्यांत मिसळू द्या, पळू द्या, दंगा करू द्या. नाहीतर मागचे पाय जातील." मी विचारलं, तिथे रोग लागला तर? कुणी फाडला तर? "दोन्ही होऊ शकतं. लस दिलीय. बाकी तुम्ही लक्ष ठेवा." म्हणजे फायदा कुत्र्याचा, फी डॉक्टरांची आणि लक्ष माझं!

आत जायला एक सोडून दोन फाटकं. बाहेरचं बंद केल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, अशी पाटी आहे. मध्ये पिंजऱ्याएवढी जागा. त्यात मी, बटण आणि एक मफलर गुंडाळलेला गृहस्थ, हातात चेंडू. "बाहेरची कडी लावलीत ना, आजी? दोन्ही एकदम उघडी राहिली की संपलं. गेल्या वर्षी एक कुत्रं रस्त्यावर गेलं, गाडीखाली आलं." लावली हो. मला कड्या शिकवतो!

इथे माणसांना नावंच नसतात. हा भुऱ्याचा बाबा, ती डंपीची ताई. मला विचारलं, "तुम्ही बटणच्या आजी का?" मी म्हणाले, "मी टेलिफोन एक्स्चेंजची सुपरवायझर होते." तर म्हणे, "हो का? बटण छान आहे."

बटण आत शिरला, तडक पलीकडच्या कोपऱ्यात गेला. झाडाखाली एक बाक आहे. रिकामा. त्याच्यासमोर जाऊन बसला. निघेपर्यंत हलला नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा तेच. लोकांची कुत्री पळतात, माझं बाकापुढे बसतं. गुडघा ठणकतोय. उद्यापासून ही वही पर्समध्ये टाकून नेणार — नुसतं बसून भुऱ्याच्या पोटाच्या तक्रारी कोण ऐकेल!

६ नोव्हेंबर, गुरुवार

बागेतूनच लिहितेय. दुसऱ्या बाकावरून. कोपऱ्यातल्या बाकावर कुणी बसत नाही. सावली तिथेच आहे, तरीही.

बटण का बसलाय ते मला ठाऊक आहे. डॉक्टरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मलाच तपासलं असतं.

आमचे हे गोदीत क्रेनखाली उभे राहून इशारे देत. वर काचेच्या खोलीत क्रेनवाला, खाली हे. बोट फिरवलं की ओझं वर. तळवा दाबला की खाली. मूठ वर केली की सगळं जागच्या जागी — कितीही जड असो, ओझं हवेत तसंच लटकत राहायचं. मी दिवसभर तारेवर बोलायचे, हे दिवसभर हातांनी. आमच्या मुलाला दोन्ही भाषा आल्या नाहीत. तो मेसेज पाठवतो.

बटणलाही यांनी तसंच शिकवलं. मूठ वर — बस! आणि यांनी सोडेपर्यंत तो बसायचा. पुढ्यात बिस्किट ठेवलं तरी.

त्या दिवशी ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. दारात मी आणि बटण. मूठ वर केली. "थांबा दोघं इथेच. आलोच." शिकल्यासवरल्या बाईला कुत्र्याच्या रांगेत उभं करून गेले! अशी चिडले होते! घरी आले की चांगली फैलावर घेणार होते.

आले नाहीत.

तेव्हापासून बटण बसलाय. खाण्यापुरता उठतो, फिरण्यापुरता उठतो, की पुन्हा दाराकडे तोंड करून बैठक. पाठ ताठ. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर असत्या तर पहिलं बक्षीस दिलं असतं. आम्हाला त्यासाठी पट्टी खावी लागायची.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सूनबाईंचा फोन. "आई, त्या घरात एकट्या किती दिवस बसणार? या ना आता इकडे." आणि बटण? "इकडच्या बिल्डिंगमध्ये कुत्री चालत नाहीत हो. माझ्या मावशीच्या ओळखीत एकांचं शेत आहे, तिथे मोकळं राहील बिचारं." शेत! जे कुत्रं हिरवळीवर पाऊल टाकत नाही ते शेतात काय नांगर धरणार?

पुढच्या रविवारी मुलगा येणार. तोपर्यंत बटण पळताना दिसला तर ठीक, नाहीतर त्याला गाडीत घालून शेतावर. मागून मुलाला म्हणालेली ऐकू आली — "दोघंही सारखीच. बसली की बसली!" अगं बाई, हयात गेली माझी टेलिफोनात. रिसीव्हरवर हात ठेवलास तरी मला ऐकू येतं!

८ नोव्हेंबर, शनिवार

मफलरवाल्याने भुऱ्यासाठी चेंडू टाकला. जोरात गेला, कोपऱ्यातल्या बाकाखाली शिरला. भुऱ्या धावला, अर्ध्यात थांबला. अंगावरचे केस उभे. मग शेपटी हळूच हलवायला लागला.

चेंडू बाकाखालून बाहेर आला. घरंगळत, सरळ रेषेत, भुऱ्याच्या पायांपाशी.

"उतार आहे तिकडे," मफलरवाला म्हणाला.

असेल.

९ नोव्हेंबर, रविवार

उतार नाही. काल सगळे गेल्यावर मी स्वतः चेंडू ठेवून पाहिला. बाकाखाली ठेवला, तिथेच राहिला. वाकल्याबद्दल गुडघ्याने रात्रभर वसुली केली.

ठेवताना बटणकडे पाहिलं. तो चेंडूकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. बाकाच्या वर, माणसाच्या खांद्याच्या जरा वर बघत होता.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज रक्त आलं. नवाच कुत्रा, वासराएवढा. मालक कानात वायरी घालून गाणी ऐकतोय! त्या जनावराने बटणला धडक मारली, कान तोंडात धरला. बटण हलला नाही. भुंकला नाही, पळाला नाही, दात दाखवले नाहीत. कानातून रक्त टपकतंय आणि हा ताठ बसून बाकाकडे बघतोय!

मी पर्स हाणली. त्या वासराच्या डोक्यात आणि नंतर मालकाच्या दंडावर. "आजी, कुत्री खेळतात अशी!" "मग मीही खेळतेय!" दुसरी हाणली.

डॉक्टरांनी टाके घातले. म्हणाले, "इतर कुत्री सुटतात, कारण ती पळतात किंवा उलटून चावतात. हा दोन्ही करत नाही. असाच बसत राहिला तर एक दिवस उभा फाडतील." मग बागेत नेऊ नको? "नाही नेलं तर पाय जातील." वा! काय सल्ला! इकडे आड, तिकडे डॉक्टर.

बटणला सोडवायला हवं. हे सोडताना काहीतरी म्हणायचे. एकच शब्द. मला माहीत नाही. यांची सकाळची फेरी व्हायची तेव्हा मी पेपर वाचत असायचे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

घरीच शब्दांचा सपाटा लावला. गो. फ्री. ओके. रिलीज. डिसमिस — आमच्या सिस्टर प्रार्थनेनंतर म्हणायच्या तसं. मग मराठी. जा. ऊठ. सुट्टी. पुरे. चल. झालं. बटण मान तिरकी करून ऐकत होता, मोठा परीक्षकच! गुण शून्य.

शेवटी रागाने "ऊठ रे मेल्या!" म्हणाले. तर जीभ बाहेर काढून हसला. उठला नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कर्नलची आई परत आली. कर्नल म्हणजे म्हातारा तपकिरी कुत्रा, आणि आई म्हणजे तिशीतली पोरगी. बाळंतपणाला माहेरी गेली होती. हे सकाळी बटणला इथेच आणायचे, त्या फेरीतली. मला पाहून आली. "तुम्ही बटणच्या आजी ना? आजोबांनी सांगितलंय तुमच्याबद्दल. फार कडक आहेत म्हणाले." हसली. "काय हो, आजोबा रागावलेत का माझ्यावर? काल सकाळी मी आले तर ते कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. मी इतका हात केला, तर उत्तरच नाही. नुसते असे बसलेले."

आणि तिने हात वर करून दाखवला. मूठ आवळून.

मी म्हणाले, "काल सकाळी बटण घरी होता."

"हो, एकटेच होते. मला वाटलं, बटण कुठेतरी पळत असेल."

ओरडणार होते — असली थट्टा करतेस? मग लक्षात आलं. हिला कुणी सांगितलेलंच नाही. कसं सांगणार? यांचं नाव इथे कुणाला माहीत आहे! बटणचे आजोबा वारले, अशी बातमी पेपरात येते थोडीच?

सांगितलं. बिचारी खालीच बसली. मग कर्नलला मिठी मारून रडली. रडून झाल्यावर मी तिला शब्द विचारला.

"तो? आम्हा सकाळच्या सगळ्यांना पाठ होता तो! क्रेनखाली ओझं टेकलं, हुक सुटला की तसं ओरडतात, असं सांगायचे. मूठ उघडायचे आणि — मोकळा!"

मोकळा. एवढंच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

म्हणाले. बागेत, घरी, जिन्यात. मूठ वर करून, उघडून. मोकळा! मोकळा! बटणने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं — राँग नंबर लागलेल्याला आम्ही समजावून सांगायचो, तसं. आणि पुन्हा बाकाकडे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

घडलं तसं लिहिते.

भरदुपार. स्वच्छ ऊन. मफलरवाला आणि भुऱ्या, डंपीची ताई आणि डंपी, आणि आम्ही. ते वासरू पुन्हा आलं. मालकाच्या कानात वायरी तशाच. कुत्र्याने बटणला हेरलं आणि मान खाली घालून निघालं. मी उठले तोच गुडघ्याने दगा दिला. अंतर माझ्या आवाक्याबाहेरचं. मी बाकाकडे बघून ओरडले — होय, रिकाम्या बाकाकडे! — "अहो! बघताय काय नुसते? सोडा त्याला!"

सगळी कुत्री एकदम गप्प झाली. ते वासरूसुद्धा जागच्या जागी. सगळ्यांची तोंडं बाकाकडे.

मग आवाज. ओरडल्यासारखा नाही. कामावरचा माणूस बोलतो तसा, स्पष्ट.

"मोकळा!"

बटण सुटला. ताणलेला रबर सुटावा तसा! त्या धटिंगणाला वळसा घातला, कुंपणाच्या कडेने फेरी, मग दुसरी, कान उडतायत, टाके उसवतील याची शुद्ध नाही. धटिंगणच शेपूट घालून मालकाच्या पायात.

मी हजारो आवाज ऐकलेत. कोण बोलणार ते "हॅलो"च्या आधीच्या श्वासावरून सांगायचे. यात चूक होत नाही माझी.

मफलरवाल्याला विचारलं, "काही ऐकलंत?" "नाही बुवा. पण ही सगळी एकदम तिकडे का वळली?" मी म्हणाले, "उतार आहे तिकडे."

१६ नोव्हेंबर, रविवार

मुलगा आला. बागेत नेला. बटणने त्याच्या पँटवर चिखलाचे चारही पंजे उमटवले. "आई, हा तोच आहे?" शेताचं नाव निघालं नाही. कर्नलची आई तिथल्या तिथे म्हणाली, "कधी तुम्हाला कुठे जायचं झालं ना आजी, तर बटण माझ्याकडे. विचारायचंसुद्धा नाही." मी म्हणाले, मी कुठे जातेय!

मुलगा निघताना म्हणाला, "आता तरी चल ना आई. कशासाठी थांबलीयस?"

मी त्याच्या पँटवरचा चिखल झटकत राहिले.

बटण रात्रभर उताणा, चारी पाय वर करून झोपला. दाराकडे ढुंकूनही नाही. घोरत होता! मला झोप आली नाही. दाराकडे मीच बघत होते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज त्या बाकावर बसले. फळी उबदार आहे. सावलीत असून.

बटण लांब आहे, कर्नलच्या अंगावर उड्या मारतोय. माझ्याकडे बघतही नाही.

आत्ता कानाशी आवाज आला. तोच. शेवटचं अक्षर तेवढं बदललेलं.

"मोकळी."

उठून पाहिलं. गुडघा दुखत नाही. दोन्ही फाटकं सताड उघडी आहेत, आणि एकही कुत्रं तिकडे जात नाही.

वही इथेच ठेवते. वर बटणचा पट्टा.