बोटभर सैनिकाचे डोळे

बाबा, मी सध्या बोटभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक रंगवतो. तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं झाली, तुमची नात आता नागपूरला कॉलेजात आहे. तिथे पोरंपोरी टेबलावर फौजा मांडून लढाईचा खेळ खेळतात. सैनिक करडेच मिळतात, ज्याने त्याने आपापले रंगवायचे. मे महिन्यात ती घरी आली आणि एक सैनिक माझ्यासमोर ठेवला. "करून पाहा न, बाबा. पहिला कोणाचाच चांगला नाई होत."

ती सहज म्हणाली, पण मी ब्रश लगेच उचलला नाही. त्याच आठवड्यात कारखान्यात एक गोष्ट घडली होती. मी अजून तिथेच आहे, तुमच्यानंतर मला क्रेनवर चढवलं. वर्कशॉपच्या छताखाली केबिनमध्ये बसायचं आणि खालचे टनाटनाचे भाग उचलायचे. त्या मंगळवारी यंत्राची टनभर वजनाची मोटार हवेत आहे, खाली फिटर उभा आहे, आणि लिव्हरवरचा माझा उजवा हात आपोआप हलतो. मोटार झोका घेते. फिटर मागे उडी मारतो, पडतो, वर पाहून ओरडतो, "मारतो काय बे मले?" त्याला खरचटलंसुद्धा नाही. मी खाली उतरून सांगितलं, ब्रेक बरोबर लागत नाही. मेकॅनिकने दुपारभर ब्रेक खोलून पाहिला. हात चार महिन्यांपासून थरथरत होता, ते फक्त मला ठाऊक होतं.

कूलरसमोर बसून मी लाल रंग घेतला तो घट्टच. सैनिकाच्या झग्यावर चिखलासारखा थापला गेला, सगळ्या चुण्या बुजल्या. पोरगी म्हणाली, पाणी घाला, पातळ दोन हात द्या. तेव्हा कारखान्यातली तुमची रंगाची शेड आठवली, तुम्ही पाट्या रंगवायचात ती. मी दहा वर्षांचा, 'धोका'ची पाटी रंगवायला निघालेला. तुम्ही माझं मनगट धरता. "रंग टोकाले घे. पुरा ब्रश बुडवून राह्यला, म्हैस आहे काय पाण्यात घालाले?" मनगट दोन दिवस दुखलं होतं. पण मग तुम्ही ओढलेली ती अक्षराची कड! श्वाससुद्धा न घेता.

मग सैनिकाच्या डोळ्यांची पाळी आली. मोहरीहून बारीक ठिपका द्यायचा होता. ब्रश टेकला आणि काळी रेघ थेट हनुवटीपर्यंत गेली. पुसली. पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी पोरीने आपला ब्रश खाली ठेवला.

"बाबा, तुमचा हात काऊन थरथरून राह्यला?"

"थंडी आहे."

"चंद्रपुरात? मे महिन्यात?" ती हसली नाही. "क्रेनवरबी असंच होते काय?"

मी हनुवटीवरची रेघ पुसायला घेतली.

"खाली माणसं असतात न, बाबा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांसमोर उभा राहिलो. "साहेब, ब्रेक चांगला आहे. माझा हात खराब आहे. मले क्रेनवरून उतरवा."

त्यांनी ब्रेकच्या तपासणीचा कागद काढून पाहिला. मग म्हणाले, "त्या दिवशी काऊन नाई सांगितलं?"

"भेव लागला."

त्यांनी केबिनची चावी तिथल्या तिथे काढून घेतली. आता मी टूलरूममध्ये पाने आणि हातोड्या देतो. फिटर महिनाभर माझ्याशी बोलला नाही, पाना घ्यायलाही दुसऱ्याला पाठवायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली आणि विचारलं, वडिलांना होतं का? मी विचार करायच्या आत 'हो' म्हणालो. हा आजार घराण्यात उतरतो म्हणे. गोळीने थोडा फरक आहे. सहावा सैनिक झालाय, अजून तिरळाच पाहतो.

बाबा, शेवटच्या वर्षांत तुमच्या पाट्यांवरची अक्षरं वाकडी यायला लागली. मी तेव्हा कारखान्यात नुकताच लागलो होतो. गेटवर लोक म्हणायचे, पेंटर सकाळीच पिऊन येतो. एकदा तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी तुमची पिशवी उघडली आणि पाण्याच्या बाटलीचा वास घेतला. हे पत्र वहीतच राहणार, म्हणून लिहितो. बाटलीत पाणीच होतं. मी झाकण लावलं, ड्युटीवर गेलो, आणि गेटवर लोक हसले तेव्हा मीही हसलो.