परिशिष्ट क : समोरून गेलेले खोके

१ जुलै, सकाळी ९.१०
आजपासून समोरच्या दुकानाकडे बघायचं नाही. बघण्यासारखं तिथे काही नाही. उमैमाने नवा बोर्ड लावलाय. अक्षरं लाल, कडेने दिवे. दिवे चोवीस आहेत. सातवा लागत नाही.

१ जुलै, दुपारी ४
तिच्याकडून तीन प्रिंटर गेले. मी बघत नव्हते. खोके मोठे असतात, दिसतात.

२ जुलै
एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही. मला तिचा हेवा वाटत नाही. पॉलिटेक्निकला आम्ही एका बेंचवर होतो. मला ८२.४ टक्के, तिला ५९. तिन्ही वर्षं तिने प्रॅक्टिकलचं जर्नल माझं बघून लिहिलं. एकदा तर माझा रोल नंबरही उतरवला. आज तिच्याकडे एका मोठ्या कंपनीच्या प्रिंटरची एजन्सी आहे, आणि माझ्याकडे नीलाक्ष कॉम्प्युटरचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. 'अधिकृत' हा शब्द माझ्या बोर्डावर आहे. तिच्या बोर्डावर 'या, बसा' असं लिहिलंय. हा काही तांत्रिक दर्जा नव्हे.

४ जुलै
शाळेचे क्लार्क रामराव दोन दिवसांपूर्वी आले होते. कॉम्प्युटर नीलाक्षचा, प्रिंटर दुसऱ्या कंपनीचा. दाखला अर्धाच छापून येतो. नीलाक्षवाले फोनवर म्हणतात प्रिंटर बघा, प्रिंटरवाले म्हणतात कॉम्प्युटर बघा. मी दोन दिवस तपासून लेखी निदान दिलं: दोष ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जबाबदारी प्रिंटर कंपनीची. रामरावांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, म्याडम, हे बराबरच असंन, पण मले उद्या साठ पोराईले दाखले द्यायचे हायेत. दाखल्यावर जबाबदारी लिहून देऊ काय?
मग ते रस्ता ओलांडून गेले. उमैमाने स्वतःच्या दुकानातला चालू प्रिंटर उचलून त्यांच्या गाडीवर ठेवला. संध्याकाळपर्यंत दाखले झाले.
माझं निदान बरोबर होतं.

५ जुलै
यावरून एक गोष्ट सिद्ध होते. नीलाक्षने पुन्हा स्वतःचे प्रिंटर विकायला हवेत. बारा वर्षांपूर्वीपर्यंत विकत होती, मग बंद केले. कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकाच कंपनीचे असले की ढकलाढकलीला जागा उरत नाही. कंपनीला चौदा पानांचं टिपण पाठवायचं ठरवलंय. मुदत १५ जुलै. दोन्ही बाजू मांडायच्या. भाषा कोरडी ठेवायची.
प्रिंटर परत आले तर इथली एजन्सी साहजिकच नीलाक्षच्या अधिकृत माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे येईल. हा मुद्दा दुय्यम आहे. टिपणात घेणार नाही.

९ जुलै
विरुद्ध बाजू: लोक आता मोबाईलवर पीडीएफ पाठवतात, कागदाचा वापर कमी होतोय. खात्री करायला आईला विचारलं. ती बचत गटाची सचिव आहे. म्हणाली, कोन सांगतलं तुले? पीकविम्याच्या एका फॉर्मले तीन झेरॉक्स लागतात, अन् त्या तीनवर सही केली का त्या सहीची पुन्हा एक झेरॉक्स.
हे मुद्दा क्रमांक ५ मध्ये घेतलं.
मग विचारलं, गटाच्या झेरॉक्स कुठे काढता? आई थोडा वेळ तांदूळ निवडत राहिली. म्हणाली, उमैमाकडं. बसाले खुर्ची देते पोरगी.
म्हटलं, खुर्ची माझ्याकडेही आहे.
म्हणाली, हाव, पण तिच्यावर कॉम्प्युटरचा डबा बसेल असते.

११ जुलै
टिपणात आकडेवारी नाही. आकडेवारीशिवाय मत म्हणजे नुसती चर्चा. प्रिंटरला मागणी किती आहे, हे बाजार बघूनच कळेल, आणि माझ्या टेबलावरून दिसणारा बाजार समोरच आहे. त्यामुळे १ जुलैचा निर्णय संशोधनापुरता स्थगित.
तक्ता आखला. रकाने: दिनांक, वेळ, गाव, येताना चेहरा, जाताना चेहरा. शेवटचा रकाना ग्राहकाचं असमाधान मोजण्यासाठी.

१४ जुलै
चार दिवसांत अकरा खोके. असमाधान अजून सापडलेलं नाही. नमुना लहान आहे.

१५ जुलै
टिपणाची मुदत ३१ जुलैपर्यंत वाढवली. संशोधनात घाई चालत नाही.

१६ जुलै, ११.३५
दुसरबीडचा एक माणूस जीपमधून उतरून थेट माझ्या दारात. वाटलं, आपलाच. त्याने विचारलं, उमैमाताईचं दुकान कोनतं? म्हटलं, समोर, बारा मीटर. दुसरबीडहून इथे धाडला येईपर्यंत वाटेत किमान पाच दुकानं लागतात. तसं त्याला विचारलं. म्हणाला, ते इकतात अन् मोकये होतात. हे बाई बिघडलं का घरी येते. जाताना वर म्हणाला, तुमचं बी याच लाइनचं दुकान दिसते. चालते काय?
येताना चेहरा: उत्सुक. जाताना: हसरा. हा नैसर्गिकच हसरा असावा.

१९ जुलै
समोरचं दुकान दिवसभर बंद. चौकशीत कळलं, सुलतानपूरला मशीन बसवायला गेली आहे. बाजाराच्या दिवशी. एवढ्या लांब. तक्त्यात 'विक्री शून्य' लिहिलं. आज मला काम छान सुचलं. सहा पानं झाली.

२२ जुलै, दुपारी ३
उमैमा दोन कप चहा घेऊन आली. एकटीच हसत होती. म्हणाली, काय वं संजू, दिवसभर खिडकीत बसून काय लिहून राह्यली?
म्हटलं, कंपनीचं काम.
म्हणाली, पॉलिटेक्निकात मी तुह्यं पाहून लिहे. आता तू माह्यं पाहून लिहून राह्यली काय?
मी वही झाकली. चहा प्यायले, कारण तो आणलेलाच होता. आलं जास्त घालते. लोक म्हणे तिच्याकडे चहासाठी थांबतात. चहात मला काही विशेष आढळलं नाही.

२३ जुलै
आलं किती घालते ते विचारायला हवं होतं. केवळ नोंदीसाठी.

३० जुलै
टिपण पूर्ण. तीन परिशिष्टं. अ: बारा वर्षांतल्या ड्रायव्हर-तक्रारी. ब: सुट्या भागांची उपलब्धता. क: शेजारच्या एका विक्रेत्याकडून वीस दिवसांत गेलेले खोके, एकूण त्रेचाळीस. नाव दिलेलं नाही. मी व्यक्तींवर बोलत नाही. कंपनी काय गमावतेय एवढंच दाखवायचं आहे. खाली लिहिलं: 'वरील नोंदी निःपक्षपणे घेतल्या असून सदर विक्रेत्याशी निरीक्षकाचा कोणताही वैयक्तिक संबंध नाही.' सही केली.

३१ जुलै, ११.२०
छपाई सुरू. अर्थात माझ्या नीलाक्ष ४० वर. तेरा वर्षांचं मशीन. टिपण ईमेलने जाऊ शकलं असतं, पण प्रिंटरची बाजू कागदावरच मांडली पाहिजे. 'हे टिपण आपल्याच प्रिंटरवर छापले आहे' असं पहिल्या पानावर आहे. आठ पानं निघाली. अक्षरं कोरीव.

११.४०
नवव्या पानाला दोन कागद एकदम ओढले. कागद ओढणारा रोलर गुळगुळीत झालाय. स्पिरिटने पुसला.

१२.१५
पान नऊ ठीक. पान दहावर मधोमध करडा पट्टा. शाई उमटवणारा ड्रम गेला. हा ड्रम आता मिळत नाही, कारण कंपनीने तो बनवणं बंद केलं. यातून परिशिष्ट ब सिद्धच होतं.

१.३०
मशीन आवाज करून थांबलं. पुन्हा सुरू होत नाही. आज ३१ तारीख. सर्वात जवळचा चालू प्रिंटर बारा मीटरवर आहे.

१.५०
आईला पेन ड्राइव्ह आणि झालेली पानं देऊन पाठवलं. बचत गटाचं काम आहे असं सांगायला सांगितलं.

३.३०
आई परत आली. चौदाही पानं नव्याने छापलेली, स्पायरल केलेली, वर पारदर्शक कव्हर. उमैमाचा निरोप: पानांचे कागद वेगवेगळे दिसत होते म्हणून सगळंच पुन्हा काढलं. पहिल्या पानावरची ती ओळ खोटी पडली असती म्हणून खोडली. परिशिष्ट क चा तक्ता पानाच्या बाहेर जात होता, तो आडवा केला. आणि एकोणीस तारखेला दुकान बंद होतं खरं, पण सुलतानपूरला दोन मशीन दिली होती, ती राहिली होती, ती लिहिली. एकूण पंचेचाळीस.
आईला विचारलं, आणखी काय म्हणाली? आई म्हणाली, हासली. म्हने, मीच कधी मोजले नाईत वं काकू, बरं झालं संजूनं मोजले.
म्हणजे तिने सगळं वाचलं. आणि रागावली नाही. यामागे काहीतरी असणार.
कुरिअरही तिच्याच दुकानात आहे. म्हणून स्पीड पोस्टाने पाठवलं. सही पुन्हा केली. पंचेचाळीस हा आकडा तसाच ठेवला, कारण तो बरोबर आहे.

१२ ऑगस्ट
उत्तर नाही. दरम्यान तयारी. प्रिंटर ठेवायला दोन फळ्या रिकाम्या केल्या, मोजल्या. सहा मशीन बसतील. खुर्चीवरचा डबा काढला.

२० ऑगस्ट
अकोल्याहून कंपनीचे एरिया मॅनेजर उत्तमराव यांचा फोन. टिपण मुख्य ऑफिसात गेलंय. 'विशेषतः परिशिष्ट क फार आवडलं,' असं म्हणाले. वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवत आहे. २८ तारखेला स्वतः येणार, सोबत एजन्सीचे कागद.
आईने विचारलं, उमैमाले सांगू काय? नको म्हटलं. तिला त्या दिवशी मीच सांगेन. समजुतीचं एक वाक्य तयार ठेवायला हवं. फार मऊ नको, फार कोरडं नको. ठरलं: 'स्पर्धेत असं होतं.'

२७ ऑगस्ट
बोर्ड पुसला. दिवे लावावेत असं एकदा वाटलं. पंचवीस लावता येतील. कागद हातात आल्यावर बघू.

२८ ऑगस्ट, १.१०
उत्तमराव ११.४० ला आले. खुर्चीवर बसले. आईने चहा दिला, आलं घालून.
नीलाक्ष ऑक्टोबरपासून स्वतःचे प्रिंटर पुन्हा विकणार आहे. आधी आपल्या जिल्ह्यात चाचणी. म्हणजे टिपणाचा निष्कर्ष मान्य झाला. चौदापैकी चार पानं वाचल्याचं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण परिशिष्ट क वरच्या सगळ्या साहेबांनी वाचलंय. म्हणाले, पंचवीस वर्षं झाली मले या लाइनीत. डीलर लोक सोताचे आकडे फुगवून आणतात. दुसऱ्याच्या दुकानाचे एवढे सच्चे आकडे म्या आजपर्यंत पाहिले नाईत. दुसरबीड, सुलतानपूरपासून गिऱ्हाईक येते, अन् पंचेचाळीसच्या पंचेचाळीस लोक हासत जातात. असा डीलर आम्ही शोधूनच राह्यलो होतो.
मग विचारलं, नाव काय त्यांचं? तुम्ही लिहिलं नाही.
मी नाव सांगितलं.
तुमच्या नात्यातल्या का, मैत्रीण?
मी काही बोलायच्या आत त्यांनी पान उलटून माझी सही दाखवली. कोणताही वैयक्तिक संबंध नाही. म्हणाले, हे वाचूनच तर साहेबांचा विश्वास बसला. तरी तुमचा काही आक्षेप असला तर आत्ताच लेखी द्या.
मी परिशिष्ट क पुन्हा वाचलं. शांतपणे, ओळीने, सगळा तक्ता. आक्षेप घेण्यासारखं काही सापडलं नाही.
कागदांवर शिफारस करणाऱ्याची सही लागत होती. ती माझी.
उठताना त्यांनी विचारलं, दुकान कुठं आहे त्यांचं?
समोर, म्हटलं. बारा मीटर.

२८ ऑगस्ट, ५.४५
उमैमा आली. चहा नाही आणला. उभीच राहिली. म्हणाली, मले म्हायीत नव्हतं वं हे असं होईन. मी साहेबाले म्हटलं, सर्व्हिस संजूकडंच राहीन तर सही करतो, नाईतर कागद घेऊन जा. ड्रायव्हरचं मले अजूनही समजत नाई, तुले तं म्हायीत हाय, रोल नंबरासकट उतरवणारी पोरगी मी.
तयार असलेलं वाक्य एकच होतं. म्हटलं, स्पर्धेत असं होतं.
हाव, म्हणाली ती. आणि खुर्चीवर बसली. बराच वेळ बसली. खुर्चीचा एक पाय हलतो, हे तेव्हा लक्षात आलं.

२९ ऑगस्ट
सर्व्हिसचं काम स्वीकारलं. केवळ ड्रायव्हर चुकीच्या हातात जाऊ नयेत म्हणून. समोर बघायचं नाही, हा १ जुलैचा निर्णय आजपासून पुन्हा लागू.

३ सप्टेंबर
तिचा सातवा दिवा लागला.

५ ऑक्टोबर, १२.०५
नीलाक्षच्या नियमाप्रमाणे सर्व्हिस सेंटरमध्ये एक नवं मशीन असायलाच हवं, आणि ते जवळच्या डीलरकडूनच घ्यावं लागतं. जुनी वही काढली. समोरून आज पहिला नीलाक्ष प्रिंटर बाहेर पडला. गाव: धाड. ग्राहक: मी. खोका एकटीला उचलेना, दुसरं टोक उमैमाने धरलं आणि ती उलट्या पावलांनी बारा मीटर चालत आली. फळीवर ठेवताना म्हणाली, शेवटच्या रकान्यात काय लिवशीन?
येताना चेहरा: नोंद नाही.
जाताना चेहरा: खोक्याच्या मागे होता.