इथून पुढे अनावश्यक

६ ऑगस्ट, बुधवार

लावण्या आजही आली नाही. चौथा दिवस. आजारी नाही, परगावीही गेलेली नाही, घरीच आहे. तिच्या बाकावरची मुबीना म्हणाली, गल्लीतल्या आणखी दोघींनी मधल्या सुट्टीत दुजोरा दिला. कारण विचारलं तर त्या दोघी डबे उचलून सटकल्या. मुबीना तर माझ्याकडे बघेचना.

मुख्याध्यापकांनी हजेरीपट मागवला. "बिराजदार मॅडम, नववी ब मध्ये लाल खुणा फार झाल्यात. पट टिकला पाहिजे. रथोत्सव झाला की येतात पूर्व भागातली पोरं. तोवर भरून टाका."

भरलं. चारही दिवस हजर.

पेपरात एकोणीस वर्षं काढली, खोटं आहे हे ठाऊक असताना एक ओळ छापायला सोडली नाही. आवृत्ती बंद पडली, जुनं बी.एड. बाहेर काढलं, तासिकेवर लागले. दोन महिने झाले नाहीत आणि ही प्रगती. कुणाला दाखवायची सोय नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

शाळा सुटल्यावर मुबीना थांबली. दप्तरातून लावण्याची निबंधाची वही काढली.

"उसके घर से लाई मॅडम. तुमी वाचलं की हे. वाचूनच लिवलं ना?"

विषय मीच दिलेला : माझ्या घरातला एक दिवस. अडीच पानं. सुरुवात सगळ्यांसारखीच, सकाळी उठते, तोंड धुते. समासात माझं लाल अक्षर : 'पहिल्या परिच्छेदात दम नाही.' तिसऱ्या पानावर शेवटच्या परिच्छेदावर तिरकी फुली आणि खाली : 'इथून पुढे अनावश्यक. काढा.'

फुलीखालचं आज पहिल्यांदा वाचलं. उतरून ठेवते.

'आईचं मनगट सुजलं आहे. तिला विड्या वळता येत नाहीत. आत्या म्हणते शाळा पुरे, आता मी बसावं. पप्पा म्हणाले रथोत्सव होऊ दे मग बघू. मॅडम तुम्ही एकदा घरी या. तुम्ही पेपरमध्ये होता म्हणून पप्पा तुमचं ऐकतील. मला तोंडानं सांगता येत नाही म्हणून लिहिलं.'

मुबीनाला म्हटलं, मी हे वाचलं नव्हतं. ती म्हणाली, "मग फुली कशी मारली?"

 उत्तर होतं, पण चौदा वर्षांच्या मुलीला काय सांगणार.

उत्तर असं. डेस्कवर पहिल्याच आठवड्यात अण्णांनी, आमच्या मुख्य उपसंपादकांनी, शिकवलं : "खालून काप. महत्त्वाचं असतं ते वर असतं. खाली भरताड. वाचत बसलीस तर पान निघायचं नाही." समासात लिहायचे, इथून पुढे अनावश्यक. माझ्या पहिल्या मोठ्या लेखाचे, मंद्रूपच्या आठवडी बाजाराच्या, शेवटचे दोन परिच्छेद असेच गेले. ज्यासाठी गेले होते तेच त्यात होतं. बाथरूममध्ये रडून आले. महिन्याभरात तेच दुसऱ्यांच्या मजकुराला करायला लागले. पुढं वीस जणांना सांगितलं असेल, अण्णांनी मला घडवलं. घडवलं कसलं! हात बसवला नुसता. गुरुवारी ३१ तारखेला अडतीस वह्या पाऊण तासात तपासल्या तेव्हा स्वतःवर किती खूश होते मी. स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं.

शुक्रवारी वह्या वाटल्या. शनिवारपासून ती नाही. हिशेब सरळ आहे.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मु.अ.ना वही दाखवली. त्यांनीही वरचाच परिच्छेद वाचला. वही मिटून परत दिली.

म्हटलं, मी तिच्या घरी जाते. "मॅडम, तुम्ही तासिकेवर आहात. घरोघर जायचं ते पटनोंदणीला. उगाच आवाज झाला तर नाव कमी करावं लागेल, पट घटला की तुकडी जाईल. तिचं नाव आहे ना पटावर? मग झालं."

नाव आहे, मुलगी नाही. याला झालं म्हणतात.

तरी गेले. पत्र्याची खोली, दारातच आत्या सुपात तंबाखू घेऊन बसलेली. लावण्या आत. आवाज दिला, आली नाही. कात्रीचा आवाज मात्र थांबला.

आत्याला म्हटलं, तिला शाळेत पाठवा. बाई शांतपणे म्हणाली, "तुमीच लिवलंय की मॅडम. पुढं गरज न्हाय म्हणून. मी सातवी शिकलेली हाय, वाचता येतंय मला. अन्नाला बी दाखवलं मी ते." अन्ना म्हणजे लावण्याचे वडील. माझी सही, माझी तारीख, त्या घरात ठरावासारखी फिरली आहे.

"ते निबंधाबद्दल होतं," म्हटलं.

"मग निबंधात दुसरं काय होतं?"

वडील यंत्रमागावर. रविवारी भेटतील.

९ ऑगस्ट, शनिवार

रथोत्सव. पूर्व भागात, लावण्याच्या वस्तीत, पाऊल ठेवायला जागा नाही. घरीच बसले, चिडत.

आज सारखे माझ्या शाळेतले गुरुजी आठवताहेत. सगळ्या वह्यांखाली 'पाहिले' अशी सही. सातवीत पैज लावून निबंधाच्या मधोमध गुरुजींना कन्नडमधून एक सणसणीत शिवी लिहिली. वही परत आली, पाहिले. गुरुजींचं घरही कन्नडच, वाचलं असतं तर कान उपटला असता. वर्गभर हसलो. घरी येऊन मात्र वाईट वाटलं, कान उपटला नाही म्हणून. तेव्हा ठरवलं होतं की आपण बाई झालो तर वाचायचं.

गुरुजींनी निदान फुली तरी मारली नव्हती.

१० ऑगस्ट, रविवार

सकाळीच गेले. वडील घरात, पहाटे पाळीवरून आलेले, डोळे लाल. आई भिंतीला टेकून, मनगटाला फडकं. लावण्या पुढ्यात पत्र्याचं माप घेऊन विडीची पानं कापत होती.

रस्त्यात पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवलं. सांगितलं, चूक माझी आहे, मी शेवटचा परिच्छेद न वाचताच कापला.

वडिलांनी डोळे चोळले. "पेपरात एवढी वर्षं होता, आन् न वाचता?"

"पेपरात होते म्हणूनच."

त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही. आत्या म्हणाली, "मग आता वाचलं म्हणून हिच्या आईचा हात बरा हुतोय का?" खरं आहे तिचं. तिच्यावर रागवायला गेले होते, जमलं नाही. मनगट डॉक्टरांना दाखवलं का, विचारलं. कामगार दवाखान्याचं कार्ड आईचं आहे, पण दिवस मोडतो म्हणून कुणी गेलंच नव्हतं. वडील म्हणाले, उद्या नेतो.

लावण्यानं मान वर न करता विचारलं, "मॅडम, आता शेवटपर्यंत वाचलं?"

"हो."

"काय हाय शेवटी?"

सांगितलं. 'मला तोंडानं सांगता येत नाही म्हणून लिहिलं.' शब्दाला शब्द.

ती हसली नाही. हातातलं पान उजेडाला धरून दोन्ही बाजूंनी बघितलं, भोक होतं, बाजूला टाकलं. तिची आई पहिल्यांदाच बोलली. "कापायच्या आधी बघावं लागतंय मॅडम. कापल्यावर बघून काय उपेग."

निघताना वडील : "मंगळवारी पाठवतो. बघू." आत्या : "आन् माल कोण देणार कारखान्यात?" 

माफी मागून आल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला तर सकाळपेक्षा जास्त राग येतोय.

११ ऑगस्ट, सोमवार

अडतीस वह्या परत मागवल्या. सदतीस आल्या, अडतिसावी माझ्याच कपाटात. आता शेवटून वरती वाचतेय. बावीस झाल्या. नऊ जणांनी खरं ते शेवटीच लिहिलंय. एकानं तर 'मॅडम इथपर्यंत वाचणार नाहीत' असं लिहून खाली माझं चित्र काढलंय. नाक बरोबर जमलंय. त्यावरही माझी फुली आहे.

वर्गाला सांगितलं की मी न वाचता कापलं. मागून कुणीतरी, "आमाला माहीत हाय की मॅडम." सगळे हसले. मुबीना नाही.

हजेरीपट काढला. लावण्याच्या नावापुढचे खोटे दिवस खोडले, लाल शाईनं गैरहजर केलं, प्रत्येक खाडाखोडीवर सही केली. आजचाही लाल. मु.अ.नी पाहिलं. आवाज चढवला नाही. "उद्या बारा वाजता भेटा. संस्थेचे सचिव येणार आहेत."

संध्याकाळी मुबीना निरोप घेऊन आली. मनगट दाखवलं, महिनाभर हात हलवायचा नाही. म्हणजे आत्याचं म्हणणं आणखी पक्कं झालं. दवाखान्याचा विषय मीच काढला होता.

उद्या पावणेअकराला प्रार्थना. लावण्याला पाठवणार हे वडिलांचं रविवारचं बोलणं. त्याला घरातून अजून दुजोरा नाही. बारा वाजता सचिव, बहुतेक माझ्या तासिकांचं काय ते तिथं ठरेल.

तिची वही सोबत नेतेय. मुख्य दाराशी उभी राहीन, प्रार्थना संपेपर्यंत. हजेरीतली तिची उद्याची चौकट कोरी आहे. स्वतः बघायच्या आधी कुणी सांगितलं तरी ती भरणार नाही.